पाच वर्षांची बंदी आणि कायमची अपात्रता : अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवल्यानंतर

अमेरिकेच्या विमानतळावरून मुलाला परत पाठवले, की सांगली-मिरजेकडे त्याच्या घरच्यांना पहिला धीर बहुधा असा दिला जातो : पाच वर्षे कळ काढा, बंदी आपोआप उठेल. हे अर्धेच खरे आहे, आणि त्यावर विसंबून राहिलेल्या कुटुंबाच्या पदरी पाच वर्षांनंतर पुन्हा नकार येऊ शकतो.

ही पाच वर्षे हकालपट्टीच्या आदेशाची असतात. इमिग्रेशन अधिकारी न्यायाधीशापुढे उभे न करता विमानतळावरच हा आदेश काढू शकतो. पहिल्या वेळी बंदी ५ वर्षांची आणि दुसऱ्या वेळी २० वर्षांची असते. मुदतीच्या आत जायचे असेल तर पुन्हा अर्ज करण्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ग्रीन कार्डाच्या मार्गाने जाणाऱ्यासाठी त्याचा फॉर्म आय-२१२ आहे. मुदत सरली की या परवानगीची गरज उरत नाही.

खोटी माहिती देऊन व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा ठपका मात्र वेगळा. कायद्यातल्या कलमाच्या क्रमांकावरून वकील त्याला ‘सिक्स सी’ म्हणतात. त्याला मुदतच नाही. माणूस पंचविशीत परत आला आणि पन्नाशीत पुन्हा अर्ज केला, तरी तो ठपका नोंदीवर तसाच असतो आणि माफी, म्हणजे वेव्हर, मिळाल्याशिवाय व्हिसा मिळत नाही.

समजा, विश्रामबागेतला एखादा तरुण इंजिनिअर पर्यटक व्हिसावर गेला, ‘फक्त फिरायला आलो’ असे त्याने शपथेवर सांगितले आणि त्याच्या फोनमध्ये तिथल्या नोकरीच्या पगाराची बोलणी सापडली. त्याच्या हाती दिलेल्या आय-८६० या हकालपट्टीच्या आदेशावर कोणती कलमे लावली आहेत, हे घरच्यांनी सर्वांत आधी पाहावे. तिथे केवळ ‘योग्य व्हिसा नाही’ एवढेच कारण असेल, तर प्रश्न सहसा पाच वर्षांचाच असतो. खोट्या माहितीचे कलमही असेल, तर बंदी आणि ठपका या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आलेल्या असतात. कागद हरवला असेल, तर अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली नोंदींची प्रत मागता येते. ती वाचल्याशिवाय कोणत्याही एजंटाला पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माफीचा मार्ग कशासाठी जायचे आहे त्यावर ठरतो. पर्यटन, शिक्षण किंवा तात्पुरत्या नोकरीसाठी जाणाऱ्याने व्हिसा मुलाखतीत माफी मागायची. वकिलातीतील अधिकाऱ्याने शिफारस केली, तर निर्णय अमेरिकेचे सीमाशुल्क व सीमा संरक्षण खाते घेते. प्रवेश दिल्यास समाजाला धोका किती, इमिग्रेशन किंवा फौजदारी कायद्याचा आधीचा भंग किती गंभीर आणि जाण्याचे कारण काय, हे तीन निकष १९७८ च्या एका निकालापासून त्यासाठी वापरले जातात.

कायमचे राहायला जाणाऱ्यासाठी फॉर्म आय-६०१ आहे, आणि आपल्याकडची कुटुंबे अडतात ती इथेच. अर्जदाराला प्रवेश न मिळाल्यास त्याच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी, आई किंवा वडिलांना अतिशय मोठा त्रास होईल, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. भाऊ-बहीण या यादीत नाहीत आणि मुलेही नाहीत. म्हणून ज्या भावाने अर्जदाराच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज भरला त्याचे हाल कितीही खरे असले, तरी तेवढ्यावर माफी मिळत नाही. केवळ ताटातूट होते एवढे म्हणणेही पुरत नाही. आजारपणाचे वैद्यकीय कागद, कर्जाचे हप्ते, कोण कोणावर अवलंबून आहे याचे पुरावे जोडावे लागतात.

पाच वर्षांनंतर भरायच्या डीएस-१६० या तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जात, पूर्वी प्रवेश नाकारला होता का, हा प्रश्न येतोच. जुने प्रकरण आता संपले असे समजून तिथे ‘नाही’ लिहिले, तर जुन्या ठपक्यावर खोट्या माहितीचा नवा ठपका बसू शकतो, आणि मग आधीचा भंग किती गंभीर या निकषावर अधिकाऱ्यासमोर दोन प्रसंग असतात.