मातीविना घरबाग

पुदिना, बेझिल, कोथिंबीर, पार्सली अशा पानांसाठी लावायच्या सुगंधी वनस्पती घरात, माती न वापरता, पोषक क्षार विरघळवलेल्या पाण्यावर वाढवण्याची छोटी मांडणी. हायड्रोपोनिक्स म्हणजेच मृदाविरहित लागवडीचा हा घरगुती प्रकार होय. झाकणाची एक बरणी आणि खिडकीतला उजेड एवढ्यावरही ती सुरू होते. पंप, नळ्या, दिवे ही पुढची हौस.

झाड नेमके कशावर वाढते, या जुन्या वादातून ही पद्धत निघाली. फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्ट व्हॅन हेलमाँट याने तोलून घेतलेल्या मातीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाडाचे वजन १६४ पौंडांनी (सुमारे ७४ किग्रॅ.) वाढले, माती घटली ती अवघी दोन औंस. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्याला उत्तर दिले इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने १६९९ मध्ये, आणि तेही पुदिना वापरून. पावसाच्या पाण्यात पुदिना जेमतेम वाढला, टेम्स नदीच्या पाण्यात त्याहून बरा आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात सर्वांत जोमाने. झाडाचे बहुतेक वजन पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांतूनच येते, हे पुढे कळले. पण हेलमाँटने सोडून दिलेल्या त्या दोन औंसांवाचून ते वाढत नाही. घरबागेत आपण बाटलीतून मोजून घालतो ते हेच दोन औंस.

कोणते क्षार किती लागतात, याचा छडा १८६० च्या सुमारास जर्मनीत यूलियस झाक्स व व्हिल्हेल्म क्नोप यांनी लावला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर काढून टोमॅटो पिकवले आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी १९३८ च्या पुस्तिकेत मात्र सावध केले होते : चांगल्या जमिनीपेक्षा या पद्धतीत मुळातच जास्त पीक येते असे नाही. आजच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

माती रोपाला धरून ठेवते, पाणी व क्षार पुरवते, हे सहज सुचते. मुळांना हवा देते, हे सुचत नाही. आणि घरातल्या बागा बहुधा तिथेच दगावतात. मुळेही श्वसन करतात. २०° से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, ३०° से.ला साडेसातच्या आसपास. कोमट, साचलेल्या पाण्यात मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात, वास येतो, ही मूळकूज. मत्स्यपेटीतला छोटा हवापंप हा त्यावरचा सरळ उपाय. त्याहून साधी युक्ती हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांची. रोपाचा जाळीदार कप झाकणात बसवून त्याचा तळ द्रावणाला टेकेल इतके पाणी भरायचे आणि पंप लावायचाच नाही. रोप पाणी पिते, पातळी उतरते आणि उघडी पडलेली वरची मुळे ओलसर हवेत श्वास घेऊ लागतात. इथेच माणसाचा हात शिवशिवतो : पातळी उतरली म्हणून तो बरणी काठोकाठ भरतो आणि हवेला सरावलेली मुळे बुडवतो. भर घालायचीच तर अर्ध्यापर्यंत घालावी. बरणी अपारदर्शक हवी. काचेची असल्यास कागद गुंडाळावा, नाहीतर आत शेवाळ माजते.

पोषकद्रव्ये बहुधा दोन बाटल्यांत मिळतात. दाट स्वरूपात कॅल्शियम हा फॉस्फेट व सल्फेटशी एकत्र आला, की त्यांचा साका तळाशी बसतो आणि तो मुळांच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून एक बाटली आधी भरपूर पाण्यात मिसळून मगच दुसरी घालावी. पानांच्या वनस्पतींना द्रावणाची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) साधारण १ ते १.६ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. पुरते, कोवळ्या रोपांना त्याच्या निम्मी. सामू (पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता दाखवणारा अंक) ५.५ ते ६.५ ठेवावा. तो ७ च्या वर गेला, की लोह द्रावणात असूनही मुळांना मिळेनासे होते. मग नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी आणखी खत ओतणे ही हमखास होणारी चूक. उतरवायला हवा तो सामू. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला, तर मात्र संशय नत्राच्या कमतरतेवर घ्यावा.

खिडकीचा उजेड डोळ्यांना वाटतो त्याहून फार कमी असतो आणि खिडकीपासून दूर सरकताच झपाट्याने घटतो. रोपे लांबुडकी, फिकी होऊन काचेकडे झुकू लागली, तर दिवा लावावा. साधा पांढरा एलईडी चालतो. जांभळ्या दिव्यांचा आग्रह नाही. रोपावर सेकंदाला चौरस मीटरमागे २०० मायक्रोमोल (मोल हे प्रकाशकण मोजण्याचे एकक, मायक्रोमोल त्याचा दशलक्षांश) प्रकाश पडत असेल, तर १४ तासांत दिवसाचे सुमारे १० मोल होतात. एवढ्यात बेझिल चांगले भरते.

सुरुवातीला बेझिल किंवा पुदिना घ्यावा. दोघांच्याही फांदीला साध्या पाण्यात मुळे फुटतात, बियांची वाट पाहावी लागत नाही. बेझिलचा शेंडा पेराच्या थोडा वर खुडला, की खालून दोन फांद्या फुटतात. एकेक पान तोडत राहिल्यास रोप नुसते उंच होते. पुदिन्याला स्वतंत्र भांडे द्यावे, कारण त्याची मुळे शेजाऱ्यांना जागा ठेवत नाहीत आणि नळ्याही तुंबवतात. पार्सली उगवायला दोन ते चार आठवडे घेते. रोझमेरी व थाइम ही कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीची झुडपे; त्यांना पर्लाइटमध्ये (भाजून फुगवलेल्या हलक्या खनिज दाण्यांत) लावून अधूनमधून द्रावण द्यावे, बरणीत बुडवू नये. कोथिंबिरीचे धणे फोडून थेट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पेरतात, कारण सोटमूळ असलेल्या या रोपाला उपटून हलवलेले सोसत नाही. ऊब आणि दिव्याचा लांबलेला दिवस मिळाला, की ती लवकर फुलावर येते आणि पाने विरळ होतात. म्हणून तेच रोप जगवत न बसता दर दोन-तीन आठवड्यांनी नवी पेरणी करतात.