हानडॉर्फची मंडळी: उपासनेच्या पुस्तकापायी सोडलेला देश

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून 28 किलोमीटरवर, डोंगरात हानडॉर्फ आहे. पर्यटक तिथे जर्मन सॉसेज आणि बिअरसाठी जातात. गाव वसवलं मात्र एका जर्मन लुथरन मंडळीने, म्हणजे मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी.

प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रिडरिक विल्हेल्म तिसरा याने 1817 मध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाचा प्रोटेस्टंट) पंथ एकत्र करायला घेतले. 1830 नंतर उपासनेच्या नव्या पुस्तकाची सक्ती वाढली. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत, ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, ही लुथरनांची श्रद्धा. नव्या पुस्तकातले शब्द ती पातळ करतात, असं जुन्या वळणाच्या लोकांना वाटलं. न ऐकणाऱ्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) तुरुंग दाखवला गेला. प्रशियातल्या क्लेमझिग गावचे पाळक ऑगस्ट कावेल 1836 मध्ये लंडनला गेले, जॉर्ज फाइफ अँगस या व्यापाऱ्याने पैसे पुढे केले आणि 1838 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे जहाजं निघाली.

त्यातलं ‘झेब्रा’ डिसेंबरअखेर पोर्ट अ‍ॅडलेडला लागलं. कॅप्टन डर्क हानचं काम तिथे संपत होतं, तरी माणसं मार्गी लागेपर्यंत त्याचा पाय निघेना. त्याने जमीनमालकांशी बोलून 100 एकर मिळवून दिली, पहिल्या वर्षाचा खंड माफ. लोकांनी गावाला त्याचं नाव दिलं. ती भूमी पेरामांक या मूळनिवासी लोकांची होती आणि या सौद्यात त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या इथल्या बायका. भाजी, लोणी, अंडी टोपल्यांत भरून त्या मध्यरात्री अनवाणी निघत. शहराच्या अलीकडे ओढ्यावर पाय धुवायचे, बूट-मोजे चढवायचे, मग बाजार. परतताना चर्चच्या बांधकामासाठी प्रत्येकी दोन विटा आणत, असं गावात सांगतात. एवढा चढ, त्यात विटा!

एवढं सोसलेली माणसं पुढे आपसांतच फुटली. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याच्या शिकवणीवरून 1846 मध्ये कावेल आणि दुसरे पाळक गॉटहार्ड फ्रिट्शे वेगळे झाले. ही दुफळी 1966 मध्ये मिटली, तोवर छोट्याशा हानडॉर्फमध्येही दोन लुथरन चर्च उभी राहिली होती.

पहिल्या महायुद्धात सरकारने लुथरन शाळा बंद केल्या, जर्मन गावांची नावं पुसली. हानडॉर्फचं ‘अँबलसाइड’ झालं. कॅप्टनचं नाव 1935 मध्ये परत आलं.