खुकुरी: घडवणारे हात आणि बदलत गेलेले गिऱ्हाईक

नेपाळमध्ये हाताने घडवलेली खुकुरी, मराठीत बहुतेक जण जिला कुकरी म्हणतात ती, आज घरबसल्या मागवता येते. पात्याची लांबी, पाठीची जाडी, मुठीचे लाकूड अशा गोष्टी कळवून ती आपल्या मापाने करूनही घेता येते. विक्रेत्यांच्या वर्णनात मात्र गोरखा सैनिकाचे शौर्य बहुधा सर्वांत पुढे असते. ते शौर्य खरे आहे. परंतु खुकुरीकडे त्या एकाच बाजूने पाहिले, तर विकत घेणाऱ्याला तिची घडण कळत नाही आणि ती घडवणारा कामी, म्हणजे नेपाळमधला लोहार, दिसतच नाही. खुकुरी हे आधी शेतातले आणि घरातले अवजार होते, नंतर ते सैन्याचे शस्त्र झाले आणि त्याहून कितीतरी उशिरा प्रवाशांनी आठवण म्हणून न्यायची वस्तू झाले. या टप्प्यांवर तिला पैसे देणारा कोण होता हे पाहिले, की आजच्या बाजारात उत्तम आणि निकृष्ट माल शेजारी शेजारी का दिसतो, याचा उलगडा होतो.

या आकाराचा उगम नेमका कोठे, याविषयी अनेक मते आहेत. सिकंदराच्या स्वारीबरोबर ग्रीकांची पुढे वाकलेली तलवार हिंदुस्थानात आली आणि तिच्यावरून खुकुरी घडली, ही कथा फार लोकप्रिय आहे. पण तिला आधार दिसतो तो मुख्यतः दोन पात्यांच्या बाह्य साम्याचा. डोंगरउतारावर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या गरजेतून हा आकार आला असावा, हे मला अधिक पटते. पुढे झुकलेले आणि टोकाकडे रुंदावणारे पाते आपल्याकडच्या कोयत्याप्रमाणे स्वतःच्या वजनाने घाव घालते, त्यामुळे मनगटावर फार जोर न देता जाड फांदी तुटते. नेपाळच्या मध्य आणि पूर्वेकडील डोंगराळ जिल्ह्यांत जळण तोडणे, बांबू चिरणे, वाटेतली झुडपे साफ करणे, भाजी चिरणे आणि दसैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, सणाला बोकड कापणे ही सगळी कामे याच एका पात्याने होत आली आहेत. म्यानाच्या मागच्या खिशात असलेली दोन छोटी उपकरणेही हेच सांगतात. त्यांतला कर्दा बारीक चिरकामासाठी असतो, तर बोथट कडांचा चकमक धार सरळ करण्यासाठी आणि पूर्वी गारगोटीवर आपटून ठिणगी पाडण्यासाठी वापरत. म्यानाबाहेर काढलेली खुकुरी रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत, ही समजूत जगभर पसरली आहे. ज्या पात्याने सकाळी कांदा चिरला जातो, त्याच्याविषयी ती खरी असणे शक्य नाही.

काठमांडूतील छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या खुकुऱ्या जपलेल्या आहेत आणि त्यांतील एक, 1559 मध्ये गोरखा राज्याच्या गादीवर आलेल्या द्रव्य शाहची असल्याचे सांगितले जाते. याच घराण्यातील पृथ्वीनारायण शाह 1743 मध्ये राजा झाला आणि 1768 मध्ये त्याने काठमांडू जिंकले. त्याच्या फौजेत बंदुका आणि धनुष्यबाण होते, ढाली-तरवारी होत्या आणि प्रत्येकाच्या कमरेला खुकुरी होती. शस्त्र म्हणूनच घडवलेली खास नेपाळी तलवार वेगळी होती, तिचे नाव कोरा. तिचे पाते टोकाकडे एकदम रुंद होते, धार वळणाच्या आतल्या बाजूला असते आणि रुंद टोकाजवळ पुष्कळदा कमळाचे किंवा डोळ्याचे चिन्ह कोरलेले असते. कोरा पुढे युद्धातून मागे पडला आणि बळी देण्याच्या विधीपुरता उरला. आज ‘नेपाळी तलवार’ म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल म्हणजे लांबवलेल्या खुकुऱ्याच असतात, हे विकत घेताना ध्यानात ठेवावे. कर्नल कर्कपॅट्रिक 1793 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीतर्फे नेपाळला गेला आणि त्याचा वृत्तांत 1811 मध्ये छापला गेला. त्यात खुकुरीचे चित्र आहे. तेव्हापासून युरोपीय वाचकांना ती चित्रातून परिचित झाली.

प्रत्यक्ष परिचय कंपनी आणि नेपाळ यांच्या युद्धात घडला. 1814 च्या ऑक्टोबरात डेहराडूनजवळच्या नालापानी किल्ल्यावर कंपनीची फौज चालून गेली, तेव्हा गोरख्यांचा सेनानी बलभद्र कुंवर सुमारे सहाशे माणसांनिशी आत होता. 31 ऑक्टोबरला इंग्रज सेनापती जिलेस्पी तेथेच मारला गेला आणि किल्ला आणखी महिनाभर टिकला. युद्धानंतर इंग्रजांनी आपल्या मृतांबरोबर बलभद्र आणि त्याच्या सैनिकांसाठीही स्मारक उभारले, आणि युद्ध संपण्यापूर्वीच, एप्रिल 1815 मध्ये, गोरख्यांच्या पहिल्या पलटणी आपल्या सैन्यात उभ्या केल्या. खुकुरीच्या इतिहासातला मोठा बदल येथून सुरू होतो. गावातल्या कामीने एका शेतकऱ्यासाठी घडवलेल्या वस्तूला आता एकसारखी आणि शेकड्यांनी घेणारे गिऱ्हाईक मिळाले. पलटणींनी आपल्याकडे कामी ठेवले, मापे ठरवली आणि पुढे पहिल्या महायुद्धात मागणी इतकी वाढली, की हिंदुस्थानातील कारखान्यांतून सरकारी नमुन्याच्या, क्रमांक आणि साल उठवलेल्या खुकुऱ्या निघू लागल्या. दुसऱ्या महायुद्धातला ‘एम 43’ हा नमुना संग्राहकांना चांगला ठाऊक आहे. या सरकारी नमुन्यांत पात्याचे लोखंड मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीभर जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात. जुन्या गावठी पद्धतीत पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या भोकात लाखेसारख्या चिकट मिश्रणाने बसवलेली असते. आज विक्रेते या दोन्ही प्रकारच्या मुठी देतात. लाकूडतोडीचे जड काम करायचे असेल तर पहिली निवडावी. हलकी, हातात झटकन फिरणारी खुकुरी हवी असेल तर दुसरी, कारण तिच्यामुळे वजन पुढे पात्यात राहते.

ज्यांच्या हातून हे सगळे घडले, त्यांच्याशी नेपाळी समाज कसा वागला, हे सांगितल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. पंतप्रधान जंगबहादुर राणाच्या काळात 1854 मध्ये आलेल्या मुलुकी ऐनने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, साऱ्या जातींची उतरंड कायद्यात लिहून टाकली. तिच्यात कामी, तसेच म्यानाचे चामडे शिवणारा सार्की, हे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांच्या स्पर्शानंतर पाणी शिंपडून घ्यावे लागते अशा तळाच्या वर्गात घातले गेले. कामीला त्याच्या कामाबद्दल रोख पैसे क्वचित मिळत. वर्षभर गावकऱ्यांची अवजारे करायची, त्यांना धार लावायची आणि पीक निघाल्यावर घरटी ठरलेले धान्य घ्यायचे, अशी ही बालीघरे प्रथा होती, आणि आपल्याकडची बलुतेदारी ज्यांनी पाहिली किंवा घरच्यांकडून ऐकली आहे, त्यांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनने जातीवरून होणारा भेद कायद्यातून काढला आणि 2011 मध्ये अस्पृश्यता हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आला; तरीही आज अनेक कामी ‘विश्वकर्मा’ हे आडनाव लावणे पसंत करतात, यावरून जुन्या नावाबरोबर काय काय चिकटून आले होते ते समजते. आश्विन शुद्ध नवमीला आपल्याकडे खंडेनवमी असते. त्याच दिवशी नेपाळमध्ये घराघरांत आणि काठमांडूच्या हनुमान ढोका कोटात शस्त्रांची पूजा होते. पूजेला ठेवलेले ते पाते ज्याने घडवले, त्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागले. मला तरी खुकुरीच्या इतिहासातली ही गोष्ट कोणत्याही युद्धकथेहून महत्त्वाची वाटते.

कामीच्या कामाची पद्धत, विजेचा भाता आणि पॉलिशचे यंत्र सोडले तर, फारशी बदललेली नाही. कच्चा माल म्हणजे बहुधा ट्रकचे जुने कमानपाटे. हे पोलाद कणखर असते, सहज मिळते आणि घाव सोसते. पाट्याचा तुकडा कोळशाच्या भट्टीत तापून नारिंगी झाला, की एक जण तो सांडशीने ऐरणीवर धरतो आणि दोघे-तिघे आळीपाळीने घण घालतात. पाठ सुमारे आठ ते दहा मिलिमीटर जाड ठेवायची, धारेकडे पातळ करत न्यायचे, मधले वळण द्यायचे आणि मुठीजवळची खाच कापायची. या खाचेचे धार्मिक आणि व्यावहारिक अर्थ अनेक सांगितले जातात. सर्वांत अवघड भाग पाणी देण्याचा. पाते पुन्हा लाल करून कामी ते पूर्ण बुडवत नाही. किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार तो पात्याच्या कडेवरून पुढेमागे फिरवतो, रंग कसा उतरतो ते पाहतो आणि योग्य क्षणी थांबतो. त्यामुळे कड, विशेषतः पोटाचा फुगीर भाग, कठीण होते आणि पाठ मऊ राहते, म्हणजे धार टिकते आणि घावाने पाते मोडत नाही. धातुशास्त्राची परिभाषा न वापरता पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले हे ज्ञान पाहिले, की ‘हस्तनिर्मित’ या शब्दाला खरे वजन येते.

ब्रिटन, भारत आणि नेपाळ यांच्या 1947 च्या त्रिपक्षीय करारानुसार दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटिश सैन्यात गोरखा जवानाला आजही दोन खुकुऱ्या मिळतात, एक संचलनाची आणि एक कामाची. त्यानंतर नेपाळची दारे परदेशी प्रवाशांना खुली झाली आणि खुकुरीला तिसरे गिऱ्हाईक मिळाले. या गिऱ्हाइकाला लाकूड तोडायचे नव्हते, भिंतीवर काहीतरी टांगायचे होते. काठमांडूच्या ठमेलमधील दुकानांत सिंहमुखी मुठीच्या, नक्षीने भरलेल्या, पाणी न दिलेल्या पातळ खुकुऱ्या आल्या त्या याच मागणीमुळे. दुसरीकडे भोजपूर, चैनपूर, धरान या पूर्वेकडील ठिकाणांचे नाव चांगल्या कामासाठी टिकून राहिले; भोजपुरे ही जाड पाठीची, तर सिरुपाते ही गवताच्या पात्यासारखी निमुळती खुकुरी त्या भागाची ओळख आहे. इंटरनेटमुळे चौथे गिऱ्हाईक आले, जे खुकुरी खरोखर वापरते आणि खराब निघाली तर उघड तक्रार करते, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांत दर्जा सावरला तो बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

विकत घेणाऱ्याने एक साधी परीक्षा करावी. बारीक कानस पोटाच्या कडेवर हलकेच फिरवली तर ती घसरली पाहिजे आणि पाठीवर फिरवली तर बसली पाहिजे. दोन्हीकडे बसत असेल, तर पाणी दिलेले नाही. खुकुरी म्यानातून काढताना बोटे म्यानाच्या धारेकडच्या बाजूला कधीही गुंडाळू नयेत, कारण पाते शिवण कापून बाहेर येऊ शकते. हे पोलाद गंजते. कोकणच्या पावसाळ्यात तर चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते, म्हणून त्या महिन्यांत पाते तेल लावून म्यानाबाहेर ठेवावे. धार लावण्यासाठी ती फिरत्या चाकावर देऊ नये, कारण तापलेली कड आपले कठीणपण गमावते. दगड आणि चकमक पुरेसे आहेत. विमानप्रवासात ती हातसामानात नेता येत नाही.

कायद्याचा भागही आधीच समजून घ्यावा. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याखालील, 2016 पर्यंत लागू असलेल्या 1962 च्या नियमांच्या अनुसूचीत खुकुरीचा नावानिशी उल्लेख होता. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र धरले गेले आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून वगळले गेले. बहुतेक पूर्ण आकाराच्या खुकुऱ्या नऊ इंचांच्या पुढे जातात, त्यामुळे अवजार की शस्त्र हा प्रश्न येथे थेट विकत घेणाऱ्याच्या दारात येतो. मागवण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात सध्याचे नियम विचारून घेणे आणि ती अंगावर बाळगून सार्वजनिक ठिकाणी न फिरणे हेच योग्य.

कामींची नवी पिढी आखाती देशांत आणि मलेशियात मजुरीला जाते, कारण तेथे मिळणारा पैसा भट्टीवरच्या मजुरीहून अधिक असतो. काही निर्यातदारांनी प्रत्येक पात्यावर ते घडवणाऱ्या कामीची खूण उठवण्याची पद्धत पाडली आहे. अशी खूण असलेली खुकुरी थोडी महाग पडली तरी घ्यावी, आणि खूण नसेल तर ती कोणी व कोठे घडवली आणि त्याला किती मिळाले, हे विक्रेत्याला विचारावे.