बाधित विंडोजची साक्ष

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावावा, तर आतली फोल्डरं गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे एक-दोन केबीचे शॉर्टकट. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतं, त्यामुळे अनेकांना काही बिघडल्याचं कळतही नाही. पण त्या क्लिकने आधी पेनड्राइव्हमध्ये दडलेली व्हायरसची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवलेली असते. फोल्डर उघडणं हे नंतरचं, आपल्याला संशय येऊ नये म्हणून.

यात फाइल्स पुसल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक फाइलच्या नावासोबत डिस्कवर काही खुणा नोंदलेल्या असतात. त्यांतल्या 'हिडन' आणि 'सिस्टिम' या दोन खुणा व्हायरस चालू करतो, इतकंच. दोन्ही खुणा असलेली गोष्ट विंडोज स्वतःचा नाजूक भाग समजतं आणि 'हिडन फाइल्स दाखव' असं सांगूनही दाखवत नाही. त्यासाठी संरक्षित सिस्टिम फाइल्स लपवण्याच्या पर्यायापुढची टिकही काढावी लागते. तेव्हा घाबरून फॉरमॅट मारायची घाई नको. या खुणा पुसायला डॉसच्या काळापासून चालत आलेली 'ॲट्रिब' कमांड आजही पुरते.

मात्र हे काम शेवटी करायचं. आधी पेनड्राइव्ह साफ करायला गेलं, की डिलीट केलेले शॉर्टकट थोड्या वेळात पुन्हा हजर होतात, कारण व्हायरस एव्हाना कॉम्प्युटरमध्ये चालू असतो आणि जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह चाचपत असतो. रीस्टार्ट करूनही तो जात नाही. सुरू होताना कोणते प्रोग्रॅम चालवायचे याच्या नोंदी विंडोज ठेवतं: रजिस्ट्री या सेटिंग्जच्या कोठारातल्या 'रन' नोंदी, स्टार्टअप फोल्डर, ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्यूलर. यांपैकी एखाद्या ठिकाणी, बहुधा एकाहून अधिक ठिकाणी, त्याने आपलं नाव घुसवलेलं असतं.

अशा वेळी अँटीव्हायरसने स्कॅन करून 'काही सापडलं नाही' म्हटलं, तर त्यावर कितपत विसंबायचं? डिस्कवर कोणत्या फाइल्स आहेत, हे कुठलाही साधा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारतो. मध्ये बसून त्या उत्तरातून स्वतःचं नाव गाळणारा प्रोग्रॅम म्हणजे रूटकिट. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कुणा भुरट्या व्हायरसवाल्याचं नाही, चक्क सोनी बीएमजी या संगीत कंपनीचं आहे. गाण्यांच्या कॉपी होऊ नयेत म्हणून तिने काही सीडींमधून ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर असा प्रोग्रॅम चढवला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये मार्क रुसिनोविच या विंडोजतज्ज्ञाने तो उघडा पाडला. त्याचं साधन एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारायचं: एकदा विंडोजला, आणि एकदा थेट डिस्कवरचे कच्चे बाइट वाचून. दोन उत्तरं जुळली नाहीत, की मध्ये कुणीतरी आहे. नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, 'सिस' आणि पुन्हा डॉलरचं चिन्ह असलेली प्रत्येक फाइल तिथे अदृश्य होत होती, मग ती कुणाचीही असो. काही आठवड्यांतच खऱ्या व्हायरसवाल्यांनी आपल्या फाइल्सना तसली नावं देऊन ही आयती सोय वापरली.

म्हणून बाधित विंडोजची स्वतःबद्दलची साक्ष ग्राह्य धरायची नाही. तपासणी बाहेरून करायची. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय मुळातच आहे, पण फारच थोडे लोक ती वापरतात. डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस. विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅनच्या पर्यायांत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' निवडलं की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, नेहमीचं विंडोज सुरूच होत नाही, आणि एका छोट्या वेगळ्या प्रणालीतून साधारण पंधरा मिनिटं डिस्क तपासली जाते. व्हायरस तेव्हा चालू नसतो. डिस्कवर पडलेले निर्जीव बाइट, एवढंच त्याचं अस्तित्व, त्यामुळे लपवाछपवी करणारं कुणी नसतं. सेफ मोड हा त्यामानाने अर्धा उपाय. त्यात मोजकेच ड्रायव्हर चालतात, पण विंडोज तेच असतं. डिफेंडरच बंद पाडलेला असेल, तर दुसऱ्या निरोगी कॉम्प्युटरवर रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे अँटीव्हायरससह स्वतःच सुरू होणारा पेनड्राइव्ह, बनवून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करावा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधनं मिळतात.

व्हायरसची फाइल गेली तरी त्याने बदललेल्या सेटिंग्ज मागे राहतात. 'डीएनएसचेंजर' या व्हायरसने हे जगाला दाखवलं. तो संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हरच, म्हणजे डीएनएस, बदलायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात त्यामागची टोळी पकडली गेली, तेव्हा ४० लाखांहून अधिक कॉम्प्युटर तिच्या सर्व्हरवर अवलंबून होते. ते एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचं इंटरनेट ठप्प झालं असतं, म्हणून अमेरिकी न्यायालयाच्या परवानगीने ९ जुलै २०१२ पर्यंत त्यांच्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले. घरीही सफाईनंतर डीएनएस, प्रॉक्सी (इंटरनेट मध्यस्थामार्फत वळवणारी सेटिंग) आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स पाहावीत. राउटरही. आणि डिफेंडरची 'एक्सक्लुजन्स' यादी जरूर उघडावी, कारण अनेक व्हायरस 'हे फोल्डर तपासू नको' अशी नोंद तिथे करून ठेवतात.

दुकानात फॉरमॅट मारून घेणं हा आपल्याकडचा रामबाण. रूटकिट असेल, किंवा कुणी दुरून कॉम्प्युटर हाताळत असल्याची शंका असेल, तर नव्याने विंडोज टाकणंच बरं, यात वाद नाही. पण सोबत फुकटचं ऑफिस आणि ते चालवायला 'ॲक्टिव्हेटर' येणार असेल, तर पैसे वायाच. आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या अशा प्रोग्रॅमवर विश्वास कसा ठेवायचा? स्वतः रीसेट करताना 'क्लाउड डाउनलोड' निवडावं, म्हणजे विंडोजच्या फाइल्स त्याच डिस्कवरून न घेता मायक्रोसॉफ्टकडून ताज्या येतात. जुन्या डिस्कवरून फोटो आणि कागदपत्रं घ्यावीत, प्रोग्रॅम घेऊ नयेत.

फॉरमॅटनेही न सुटणारी गोष्ट म्हणजे चोरी. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येणारे 'इन्फोस्टीलर' ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही मिनिटांत बाहेर पाठवतात, आणि त्यांतले काही नंतर स्वतःला पुसूनही टाकतात. ते कुकीही नेतात. 'हा माणूस आधीच लॉग इन झालाय' हे संकेतस्थळाला पटवणारी ही छोटी नोंद चोराकडे असली, की त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही विचारला जात नाही. म्हणून पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, ईमेलपासून सुरुवात करून, आणि प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' दाबून. बँकेतून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, स्कॅन नंतर केलं तरी चालेल.