काटेरी झुडपातलं एकत्र कुटुंब

सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर बाभळी-बोरींच्या काट्यांत वाळकी पानं, काड्या आणि किड्यांची टरफलं गुंतलेला एक मळकट गोळा दिसतो, साधारण नारळाएवढा. त्यातून निघालेले जाळ्याचे करडे पडदे आसपासच्या फांद्यांवर, कधी कुंपणाच्या तारांवर ताणलेले असतात. जळमट समजून आपण पुढे जातो. त्या गोळ्यात मात्र डझनांनी, कधी शेकड्यांनी कोळी एकत्र नांदत असतात. या जातीचं शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सारासिनोरम.

हे नवल का, तर कोळी मुळात एकटा राहणारा आणि भूक लागली तर भाऊबंदांनाही न सोडणारा प्राणी. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतल्या आयुष्यभर एकत्र राहणाऱ्या जाती मोजून पंचवीसेक भरतील. बाकीच्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर थोडे दिवस गुण्यागोविंदाने राहतात आणि मग पांगतात. स्टेगोडायफस सारासिनोरमची पिल्लं पांगतच नाहीत.

दिवसभर ही मंडळी घरट्यात दडून असतात. अंधार पडू लागला की बाहेर येऊन जाळ्याची डागडुजी सुरू होते. तेव्हा जवळून पाहिलं, तर कोळ्याचा मागचा पाय भराभर पुढेमागे हलताना दिसतो. त्या पायावर केसांचा बारीक कंगवा असतो. पोटाखालच्या चाळणीसारख्या पट्टीतून निघणारे अतिसूक्ष्म तंतू तो विंचरून लोकरीसारखे पिंजतो. या धाग्यावर चिकट द्रवाचा थेंबही नसतो. किड्याच्या पायावरचे केस त्या पिंजलेल्या तंतूंत अडकतात, आणि द्रवच नसल्यामुळे तो माळावरच्या उन्हात सुकून वाया जाण्याचा प्रश्न येत नाही.

नाकतोडा जाळ्यात पडला की थरथर घरट्यापर्यंत पोचते. आधी एक-दोन कोळी येतात. शिकार मोठी आणि धडपड जोराची असेल, तर आणखी धावतात. कुणी पाय धरतो, कुणी पंख. एक सेंटिमीटरच्या आसपासचे हे कोळी आपल्या कितीतरी पट मोठा किडा असा लोळवतात आणि पंगतीला बसावं तसे एकत्र खातात.

मुंग्या-मधमाश्यांसारखी इथे राणी नाही की कामकरी नाहीत. दुसऱ्या घरट्यातला कोळी आणून सोडला, तरी त्याला सहसा कुणी हुसकावत नाही. मुंग्यांच्या वारुळात असं घडणं जवळजवळ अशक्य.

पण या कुटुंबाचा खरा आधार आई आहे. पिल्लं बाहेर आली की ती स्वतः पचवलेलं अन्न तोंडातून बाहेर काढून त्यांना भरवते. पुढे पिल्लं तिच्या अंगावर चढतात आणि तिलाच शोषून घेतात. ती पळत नाही, प्रतिकार करत नाही. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या स्टेगोडायफस लिनिएटस या जवळच्या जातीत संशोधकांनी आयांच्या शरीराचे सूक्ष्म छेद घेऊन पाहिले. पिल्लांना भरवण्याच्या काळात आईच्या आतड्याच्या पेशी विरघळत जातात. हृदय मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. याला निव्वळ क्रौर्य म्हणणं मला पटत नाही. तिचं शरीर या शेवटाची तयारी आधीपासूनच करत असतं.

आई होऊन सगळंच संपतं असं सर्व कोळ्यांत नसतं. याच माळावर जमिनीवरून पळणारे लांडगा कोळी एकटेच राहतात. त्यांची मादी अंड्यांची पांढरट पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं निघाली की त्यांना काही दिवस पाठीवर घेऊन हिंडते. रात्री डोळ्यांजवळ बॅटरी धरून गवतात उजेड टाकला की तिचे डोळे हिरवट चमकतात.

एकत्र राहण्याची किंमतही आहे. स्टेगोडायफस सारासिनोरमच्या घरट्यात मीलन बहुधा भावाबहिणींतच होतं, त्यामुळे आनुवंशिक विविधता फार कमी असते. नर थोडे, माद्या भरपूर, म्हणून वसाहत झपाट्याने वाढते. पण रोग किंवा बुरशी शिरली, तर भरलं घर ओस पडतं. ही वंशरेषा टिकायची, तर काही माद्यांना घर सोडावंच लागतं. आफ्रिकेतल्या स्टेगोडायफस डुमिकोला या जातीच्या प्रौढ माद्या झुडपाच्या शेंड्यावर चढतात, पोट वर उचलतात आणि शेकडो धागे पंख्यासारखे हवेत सोडतात. एवढ्या वजनदार कोळ्याला एका धाग्याने उडता येणार नाही. त्या पंख्याच्या आधाराने मात्र हलक्या वाऱ्यातही ती वर जाते आणि जिथे उतरेल तिथे एकटीने नवं घरटं विणायला घेते.