फोम आवाज जिरवतो, अडवत नाही

गणपती जवळ आले की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये तोच प्रश्न फिरू लागतो: मिरवणुकीचा आवाज आत येऊ नये म्हणून रस्त्याकडच्या भिंतीला कोणता फोम लावू? कोणताच नको. आवाज थांबेल म्हणून भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे तर आधी उतरवा.

आवाज जिरवणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जिरवणं म्हणजे खोलीत आलेला आवाज भिंतींवर आपटून घुमत राहतो, ते कमी करणं. रिकाम्या फ्लॅटमध्ये बोललं की घुमतं, गाद्या-पडदे आले की थांबतं. हे सगळ्यांना माहीत आहे. फोम, जाड पडदा, ग्लासवूल यांचं काम एवढंच.

अडवणं म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊच न देणं, आणि त्याला लागतं वजन. आड येणाऱ्या थराचं वजन दुप्पट केलं की आवाज आणखी साधारण ५-६ डेसिबलने उतरतो. ९ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जातं, ६ मिमी काचेचं १५ किलो, आणि दोन इंची फोमचं जेमतेम दीड. चारशेत दीड मिळवून काय साधणार? शिवाय फोममधून हवा आरपार जाते, तेच त्याच्या जिरवण्याचं गमक. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो.

गोंधळ वाढतो तो दुकानातल्या आकड्यांमुळे. फोमच्या पुडक्यावर ‘एनआरसी ०.८’ लिहिलेलं असतं आणि विक्रेता सांगतो, ‘८० टक्के आवाज बंद.’ साफ चूक! एनआरसी हा जिरवण्याचा आकडा आहे. अडवण्याचा आकडा एसटीसी, तो विचारा. फोमला तो सांगण्याजोगा नसतोच. आणि ‘साउंडप्रूफ पडदा’ या नावाखाली जे विकतात, तो पडदाच असतो.

बरं, भिंत सहसा दोषी नसतेच. आवाज खिडकीतून येतो. खिडकीच्या क्षेत्रफळातली १ टक्का जागा उघडी राहिली, तर काच कितीही जाड घ्या, घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांत ही जागा ठरलेली: पल्ल्यांमधली ब्रशपट्टी, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. त्यात एसीच्या पाइपाभोवतीची फट आणि बाथरूमच्या लूव्हर काचा. म्हणून खर्चाआधी एक रात्र सगळ्या फटी रुंद चिकटपट्टीने बंद करून बघा. फरक कानाला जाणवला तर पैसे जाड काचेवर नको, बिजागरीच्या, चारी बाजूंनी रबर गास्केट दाबून बसणाऱ्या खिडकीवर घाला. चौकट आणि भिंतीमधली सांध सिलिकॉनने भरून घ्या. फॅब्रिकेटर ती हमखास विसरतो.

त्या खिडकीत काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली, घ्या. ‘डबल ग्लास’ म्हणून ६ मिमीच्या दोन काचा १२ मिमी पोकळी ठेवून देतात, ती रचना उन्हासाठी ठीक. पण २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खालच्या सुरात, त्या दोन्ही काचा पोकळीतल्या हवेवर स्प्रिंगसारख्या डोलतात आणि नेमका बस-ट्रकच्या इंजिनाचा घुमारा आत सोडतात. त्यापेक्षा जुनी खिडकी तशीच ठेवून आतून १०० मिमी अंतरावर दुसरी बसवलेली बरी. फोमला खरी जागा इथे आहे: दोन खिडक्यांमधल्या चौकटीच्या कडेला.

मिरवणुकीतल्या डीजेचं गणित मात्र वेगळं. त्याचा ठोका ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाटेची लांबी सुमारे ७ मीटर. फोमने ती जिरवायची तर थर दीड मीटरहून जाड हवा. एनआरसीची मोजणी २५० हर्ट्झपासून, एसटीसीची १२५ पासून सुरू होते, त्यामुळे हा ठोका दोन्ही आकड्यांत धरलेलाच नाही. निवासी भागासाठीची दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादासुद्धा डेसिबल ‘ए’मध्ये, म्हणजे कानासारखेच खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजपट्टीत, आहे आणि त्या मोजपट्टीत ५० हर्ट्झचे सुमारे ३० डेसिबल वजा होतात. खिडकीने ताशाची कडकड उतरेल, ठोका उतरणार नाही. त्या रात्री अंथरूण मागच्या खोलीत घाला.