जिन्याखाली संडास करायचा आहे? आधी हे वाचा

या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत कारण एकच असतं: आईचे किंवा वडिलांचे गुडघे. झोपायची खोली खाली, संडास वर, आणि रात्रीतून दोनदा उठावं लागतं. जिन्याखाली मात्र इन्व्हर्टर, जुनी सायकल आणि गव्हाची कोठी. ती जागा कामी आणता येते, पण प्रत्येक घरात नाही.

आंघोळीची सोय आम्ही तिथे करून देत नाही, हे आधीच सांगतो. गरम पाण्याची वाफ जिन्याच्या स्लॅबला खालून लागत राहते, ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि गिलावा सुटू लागतो. कमोड आणि छोटं बेसिन, एवढंच करावं.

डोकं कुठे लागेल?

मध्ये वळण घेणाऱ्या जिन्यात वळणाच्या चौकाखाली जेमतेम साडेचार फूट उंची असते. तिथून वर जाणाऱ्या पायऱ्यांखाली ती वाढत जाते, दर १० इंचांना साधारण ७ इंच. म्हणून कमोडची पाठ चौकाकडे आणि तोंड उंच बाजूला ठेवतो. टाकीपाशी साडेचार फूट असले तरी कमोडच्या पुढच्या कडेला सहा फूट मिळतात आणि माणूस पुढे झुकून नीट उठू शकतो. कमोड उलटा बसवला तर उठताना रोज डोकं आपटतं.

आम्हाला बोलावण्याआधी त्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवा. ज्यांच्यासाठी हे करायचं आहे त्यांनाच बसवा आणि उठायला सांगा. हात आधारासाठी भिंतीवर जिथे टेकतो तिथे खडूने खूण करा. आधाराची दांडी तिथेच बसेल.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडासाची रुंदी किमान ०.९ मीटर, क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर आणि उंची २.१ मीटर हवी. उतरत्या छताखाली एवढी उंची सगळीकडे मिळत नाही, म्हणून परवानगीचं आर्किटेक्टकडून तपासून घेतल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. अपार्टमेंटमधला जिना सर्वांचा असतो, तिथलं काम घेत नाही.

खरा प्रश्न पाइपचा

जागा असूनही काम अडतं ते इथे. कमोडचा पाइप चार इंची लागतो आणि त्याला दर ४० इंचांना १ इंच उतार हवा. चेंबर, म्हणजे घराबाहेरचा सांडपाण्याचा झाकणबंद खड्डा, २० फुटांवर असेल तर पाइप तिथे पोचेपर्यंत ६ इंच खाली गेलेला असतो. चेंबर तेवढा खोल नसेल तर संडासाची जमीन उचलावी लागते आणि मुश्किलीने मिळालेली उंची पुन्हा कमी होते. उतार कमी ठेवून कसंबसं जमवलेलं काम सहा महिन्यांत तुंबतं. अशी कामं उकरून पुन्हा करताना घरच्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे उतार मिळत नसेल तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

वाटेत पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी असेल तर पाइप तिच्यावरून किंवा तिला चिकटून नेऊ देत नाही, लांबचा वळसा पडला तरी चालेल. प्लिंथ बीम, कॉलम आणि जिन्याची सळई यांना छिन्नी लागणार नाही. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. अशा घरांत चेंबरचं पाणी कमोडमधून उलटं येऊ नये म्हणून पाइपवर एकदिशा झडप बसवून घ्या.

वास येऊ नये म्हणून व्हेंट पाइप गच्चीच्या वर न्यायचा आणि एक्झॉस्ट फॅन बाहेरच्या भिंतीत बसवायचा. संडास बरेच दिवस वापरात नसेल तर नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखाली वास अडवणारं, पाणी आटतं आणि गटाराचा वास घरात येतो. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.

दार बाहेर उघडणारंच हवं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं. कडीही बाहेरून उघडता येईल अशी घ्या.

वास्तूबद्दल घरात मतभेद असतील तर फोडाफोडीआधीच बोलून घ्या. देवघर जिन्याला लागून असेल तर बऱ्याच घरांत काम निम्म्यावर थांबतं.

आम्ही पाहायला येऊ तेव्हा घराचा नकाशा काढून ठेवा, जिन्याखालचं सामान हलवा आणि चेंबरचं झाकण उघडेल एवढं पाहा. तासाभरात मोजमाप घेऊन होईल की नाही ते तिथेच सांगू.